ब्लॅक चोकबेरी: एवढी तुरट बेरी लोक मुद्दाम का खातात?

ब्लॅक चोकबेरी, म्हणजे बऱ्याच ठिकाणी जिला अरोनिया म्हणतात ती, हल्ली हेल्थवाल्या पोस्टमध्ये सारखी दिसते. "जगातलं सगळ्यात पॉवरफुल अँटिऑक्सिडंट फळ" वगैरे लिहिलेलं असतं आणि त्याखाली पावडरचा डबा नाहीतर कॅप्सूलची बाटली. त्या पोस्टमध्ये एक गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही, की ही बेरी झाडावरून तोडून तशीच तोंडात टाकली तर बहुतेकांना दुसरी उचलावीशी वाटत नाही. आंबट असते पण ते चालून जातं, थोडा गोडवाही असतो खरं तर, पण तुरटपणा इतका की दोन सेकंदात जीभ, हिरड्या, गालाची आतली बाजू सगळं कोरडंठाक पडतं आणि तोंड आपोआप वाकडं होतं.

हा तुरटपणा येतो टॅनिनमुळे. आपल्या लाळेत काही प्रोटीन असतात, त्यांच्यामुळे तोंड आतून ओलसर, बुळबुळीत राहतं. टॅनिनचे रेणू या प्रोटीनना जाऊन चिकटतात, दोघांचा मिळून साका बनतो आणि लाळेचं वंगणच जातं, म्हणून ते खरखरीत फीलिंग येतं. दूध न घालता खूप उकळलेला चहा प्यायल्यावर होतं तेच, फक्त कितीतरी पट जास्त. आणि गंमत बघा, ज्या द्रव्यांमुळे ही बेरी खाववत नाही त्याच खानदानातल्या द्रव्यांसाठी लोक तिच्यामागे लागलेत. त्यामुळे तुरटपणा सगळा काढून टाकायचा आणि फायदे तेवढे ठेवायचे असं काही होत नाही, तो झाकता येतो, थोडा कमी करता येतो, बस.

आधी झाड नीट ओळखून घेऊ कारण इथे बराच घोळ होतो. शास्त्रीय नाव अरोनिया मेलानोकार्पा, झुडूप आहे, साधारण माणसाच्या उंचीच्या आसपास वाढणारं, मूळचं उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातलं, म्हणजे कॅनडातल्या नोव्हा स्कोशियापासून ग्रेट लेक्सच्या आजूबाजूने खाली अपालाचियन डोंगरांपर्यंत. कुळ गुलाबाचं, म्हणजे सफरचंद आणि नाशपातीची नातेवाईक, आणि नावात बेरी असली तरी फळाची रचना सफरचंदाचीच आहे, आडवं कापून भिंगाखाली धरलं तर मधोमध बियांचे कप्पे दिसतात. हिची एक लाल बहीण आहे, रेड चोकबेरी, आणि दोघींच्या मधली एक जांभळी.

घोळ होतो तो चोकचेरीशी. नाव जवळपास सारखं, दोन्ही अमेरिकेतल्याच, पण चोकचेरी ही चेरी आणि प्लमच्या घरातली, आणि तिच्या पानांत आणि आठळीत सायनाइड तयार करणारी द्रव्यं असतात, ती खाऊन जनावरं दगावल्याच्या नोंदी आहेत. ओळखायचं कसं तर चोकचेरीची फळं लांबट घोसात लटकतात आणि प्रत्येक फळात एकच टणक आठळी, अरोनियात मात्र बारीक बारीक बऱ्याच बिया. अरोनियाच्या बियांतही तसली द्रव्यं थोडीशी असतात, जशी सफरचंदाच्या बियांत असतात, पण त्याने घाबरायचं काही कारण नाही.

आता मजेशीर भाग. अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवाशांना ही बेरी माहीत होती, पोटावाटोमी लोक सर्दीवर हिचा काढा करायचे, पण नंतर आलेल्या लोकांनी तिच्याकडे फळ म्हणून फारसं बघितलंच नाही, शोभेचं झुडूप म्हणून लावायचे. हिचं नशीब उघडलं रशियात. इव्हान मिचुरिन नावाचे तिथले प्रसिद्ध फळझाडतज्ज्ञ (१८५५ ते १९३५) थंडीत टिकतील अशी फळझाडं तयार करायच्या मागे होते, त्यांनी अरोनिया घेऊन तिच्यावर काम केलं, रोवन नावाच्या दुसऱ्या झाडाशी संकर केला. त्यातून जे निघालं ते मूळ जंगली झाडापेक्षा जोमदार होतं आणि फळंही मोठी. सैबेरियातल्या अल्ताई भागात १९४० च्या दशकात लागवड सुरू झाली आणि तिथून ती सोव्हिएत युनियनभर आणि पूर्व युरोपात पसरली. युरोपात आज बागेत दिसते ती बहुतेक ही संकरित अरोनियाच, इतकी वेगळी की वनस्पतीशास्त्रज्ञ तिला मिचुरिनच्याच नावाने वेगळी जात धरतात.

सध्या जगातलं सगळ्यात जास्त उत्पादन पोलंडमध्ये होतं, बाकी देश त्याच्या आसपासही नाहीत. झाड तसं काटक आहे, उणे ३० डिग्रीच्या खालची थंडी सहन करतं, वसंतात उशिरा फुलतं त्यामुळे फुलं शेवटच्या हिमाच्या तडाख्यातून वाचतात, फळ धरायला दुसरं झाड जवळ असायची गरज नाही आणि कीड फारशी लागत नाही. व्हायकिंग आणि नेरो हे दोन वाण रोपवाटिकांमध्ये सगळ्यात जास्त सापडतात.

तर आत असतं काय. दोन गोष्टी लक्षात ठेवल्या तरी पुरे. एक अँथोसायनिन, म्हणजे तो जवळजवळ काळा वाटणारा जांभळा रंग, आणि दुसरं प्रोअँथोसायनिडिन, म्हणजे वर सांगितलेले ते टॅनिन. दोन्ही पॉलिफिनॉल या मोठ्या गटातले. एका बऱ्यापैकी प्रसिद्ध मोजणीत १०० ग्रॅम ताज्या बेरीत साधारण १,४८० मिलिग्रॅम अँथोसायनिन आणि ६६४ मिलिग्रॅम प्रोअँथोसायनिडिन मिळाले होते, म्हणजे लागवडीच्या ब्लूबेरीशी तुलना केली तर अँथोसायनिन तिपटीच्या वर. अर्थात वाण, पिकलेपणा, हवामान याने हे आकडे बरेच वरखाली होतात. त्याशिवाय क्लोरोजेनिक ॲसिड आहे, जे कॉफीतही असतं, फायबर चांगलं आहे. व्हिटॅमिन सी मात्र काही विशेष नाही, त्यासाठी ही बेरी खायची गरज नाही.

आता तो "सगळ्यात पॉवरफुल अँटिऑक्सिडंट" वाला दावा. तो येतो ओरॅक नावाच्या एका टेस्टमधून. टेस्ट ट्यूबमध्ये फळाचा अर्क घ्यायचा, त्यात फ्री रॅडिकल, म्हणजे पेशींना इजा करणारे चंचल रेणू, ज्यांना अँटिऑक्सिडंट रोखतात, ते सोडायचे आणि अर्क त्यांना किती वेळ थोपवतो ते मोजायचं. अरोनियाचा आकडा यात १६,००० च्या पुढे गेला, बाकी फळं मागे पडली आणि मार्केटिंगवाल्यांना आयतंच कोलीत मिळालं. पण टेस्ट ट्यूब म्हणजे शरीर नाही ना. अमेरिकेच्या कृषी खात्याने, म्हणजे ज्यांनी या ओरॅक आकड्यांचा मोठा तक्ता नेटवर ठेवला होता त्यांनीच, २०१२ मध्ये तो काढून टाकला, कारण दिलं की कंपन्या या आकड्यांचा गैरवापर करतायत आणि त्या आकड्याचा माणसाच्या तब्येतीशी संबंध असल्याचा पुरावा नाही. एवढं होऊनही आज पॅकेटवर ओरॅक छापलेलं दिसतंच, आणि तो आकडा दिसला की मी तरी त्या पॅकेटवरची बाकीची वाक्यंही जरा संशयानेच वाचतो.

मुळात हे अँथोसायनिन रक्तात पोचतातच फार कमी. खाल्लेल्यापैकी मूळ रूपात शोषले जाणारे जेमतेम एखादा टक्का, बऱ्याचदा त्याहूनही कमी. टॅनिनचे मोठे रेणू तर आतड्याच्या भिंतीतून जातच नाहीत. उरलेला सगळा माल मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले बॅक्टेरिया त्याचे तुकडे करतात, त्यातून छोटी छोटी फिनोलिक ॲसिड बनतात आणि ती रक्तात जातात. म्हणजे काम करत असेल तर बहुतेक हे तुकडे करतात, आणि तेही फ्री रॅडिकल वगैरे थेट मारून नाही, तर रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला नायट्रिक ऑक्साइड जास्त बनवायला लावून, ज्याने रक्तवाहिनी सैल होते, रुंदावते. प्रत्येकाच्या पोटातले बॅक्टेरिया वेगळे, म्हणून एकाच ज्यूसचा दोन माणसांवर सारखाच परिणाम होईल असं नाही.

माणसांवर केलेल्या ट्रायलमध्ये काय दिसलं ते बघू, कारण शेवटी तेच महत्त्वाचं. पोलंडमध्ये हार्ट ॲटॅक येऊन गेलेले आणि स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी, चालू असलेले ४४ पेशंट घेतले, अर्ध्यांना रोज २५५ मिलिग्रॅम अरोनिया अर्क, अर्ध्यांना प्लासिबो म्हणजे औषध नसलेली खोटी गोळी, सहा आठवडे. अर्क घेणाऱ्यांचं वरचं बीपी सरासरी ११ ने आणि खालचं साधारण ७ ने उतरलं. हे २००७ मध्ये छापून आलं आणि आजही बऱ्याच अरोनिया प्रॉडक्टच्या पानावर याचा दाखला असतो. ११ म्हणजे खूपच झालं, एखाद्या गोळीइतकं. पण ४४ च माणसं आणि तीही आजारी, आधीच औषधं चालू असलेली.

त्यानंतरच्या ट्रायलमध्ये चित्र एवढं झगझगीत नाही. अमेरिकेत २०१७ मध्ये सिगारेट सोडलेल्या ४९ धडधाकट लोकांना १२ आठवडे रोज ५०० मिलिग्रॅम अर्क दिला, तर एलडीएल म्हणजे ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते प्लासिबोच्या तुलनेत ११ टक्के आणि एकूण कोलेस्टेरॉल ८ टक्के कमी आलं, पण बीपी जागचं हललं नाही. मग २०१९ मध्ये लंडनच्या किंग्स कॉलेजच्या टीमने ६६ निरोगी पुरुषांवर १२ आठवड्यांची ट्रायल केली, एका गटाला अख्ख्या बेरीची पावडर, एकाला अर्क, एकाला प्लासिबो. यात दंडाच्या रक्तवाहिनीचं रुंदावणं मोजलं, हातावर पट्टा आवळून रक्त अडवायचं, सोडायचं आणि मग वाहिनी किती फुगते ते अल्ट्रासाउंडवर बघायचं. ते दोन्ही गटांत साधारण एक टक्का पॉइंटने सुधारलं. मला यातलं आवडलेलं म्हणजे पावडरवाल्यांना रोज मिळत होती जेमतेम १० ग्रॅम बेरींइतकी अरोनिया आणि अर्कवाल्यांना ७५ ग्रॅमइतकी, तरी फरक जवळपास सारखाच पडला. बीपी आणि कोलेस्टेरॉल इथे बदललं नाही, पण हे लोक निरोगी होते, ज्यांचं आधीच नॉर्मल आहे त्यांचं अजून काय खाली येणार.

सगळ्या ट्रायल एकत्र करून हिशोब मांडला तेव्हा बीपी आणि एकूण कोलेस्टेरॉलमध्ये छोटीशी घट दिसते आणि ती पन्नाशीच्या पुढच्यांमध्ये जास्त. मला हे पटण्यासारखं वाटतं, म्हणजे रक्तवाहिन्यांना थोडी मदत होते, रोज नियमाने खाल्लं तर, पण गोळी बंद करून बेरी खाऊ असा विचार करण्याइतकी नाही.

बाकीचे दावे पटापट बघू. शुगरबद्दल बल्गेरियातला एक जुना अभ्यास सगळीकडे फिरतो, डायबेटिसच्या पेशंटना बिनसाखरेचा ज्यूस दिला आणि तीन महिन्यांत उपाशीपोटीची शुगर उतरली, पण त्यात तुलनेचा गट नीट नव्हता त्यामुळे श्रेय ज्यूसचं की अजून कशाचं हे ठरवणं अवघड. यूटीआय म्हणजे लघवीच्या इन्फेक्शनवर नॉर्वेतल्या सहा नर्सिंग होममध्ये प्रयोग झाला, २०१४ मध्ये छापला गेला, ज्यूस सुरू केल्या केल्या काहीच फरक नाही पण नंतरच्या महिन्यांत वृद्धांना लागणाऱ्या अँटिबायोटिकचं प्रमाण घटलं, इंटरेस्टिंग आहे पण एवढ्यावर कोणी पैज लावू नये. कॅन्सरबद्दल जे काही "अरोनिया कॅन्सर पेशी मारते" म्हणून येतं ते बशीत वाढवलेल्या पेशींवरचं आहे, आणि बशीत तर ब्लीच टाकलं तरी कॅन्सर पेशी मरतात.

आता कोणी जपून राहायचं ते, कारण पॅकेटवर हे बारीक अक्षरात असतं किंवा नसतंच. बेरीत सॉर्बिटॉल नावाची साखरेच्या जातीची गोष्ट भरपूर असते, आतडं ती नीट शोषत नाही, म्हणून एका दमात मोठा ग्लास ज्यूस प्यायला की काहींचं पोट फुगतं, काहींना सरळ जुलाब होतात, आयबीएसवाल्यांनी, म्हणजे ज्यांचं आतडं नाजूक असतं आणि पोट सारखं बिघडतं त्यांनी, तर चमच्याने सुरुवात करावी. टॅनिन अन्नातल्या लोहालाही पकडून ठेवतात, त्यामुळे हिमोग्लोबिन कमी असेल आणि आयर्नची गोळी चालू असेल तर गोळी आणि ज्यूस यात दोन-तीन तास अंतर हवं. बीपीच्या किंवा शुगरच्या गोळ्या, रक्त पातळ ठेवणारी औषधं चालू असतील तर कॅप्सूलच्या रूपात घेण्याआधी डॉक्टरांना विचाराच, जेवणात थोड्या बेरी आल्या तर वेगळी गोष्ट. आणि केमो चालू असणाऱ्यांनी तर नकोच, ट्रॅबेक्टेडिन नावाच्या कॅन्सरच्या औषधासोबत चोकबेरीचं प्रॉडक्ट घेणाऱ्या एका पेशंटला स्नायूंच्या पेशी फुटण्याचा गंभीर त्रास झाल्याची केस मेडिकल जर्नलमध्ये नोंदलेली आहे, संशय असा की लिव्हर ज्या एन्झाइमने ते औषध मोडतं त्यालाच बेरीतल्या द्रव्यांनी अडवलं.

हे झालं तब्येतीचं, आता किचन, जिथे या बेरीची खरी परीक्षा असते.

सगळ्यात सोपी आणि सगळ्यात उपयोगी युक्ती म्हणजे फ्रीझर. बेरी धुवून, कोरड्या करून काही दिवस गोठवायच्या. आत बर्फाचे कण होतात, ते पेशींच्या भिंती फाडतात, आणि टॅनिन सुटून त्या भिंतींच्या तुकड्यांना आणि पेक्टिनला, म्हणजे जॅम घट्ट करणाऱ्या फळातल्या द्रव्याला, चिकटून बसतात, म्हणजे लाळेला चिकटायला कमी उरतात. तुरटपणा जात नाही पण उतरतो, आणि पेशी फाटल्यामुळे नंतर ज्यूसही जास्त निघतो. तोडायची घाईही करू नये. ऑगस्टच्या शेवटी फळ काळं होतं आणि लोकांना वाटतं झालं तयार, पण रंग आधी येतो आणि गोडी मागाहून, अजून दोन-तीन आठवडे झाडावर राहू दिलं तर चवीत बराच फरक पडतो.

दुसरी युक्ती दूध-दह्याची. दुधातलं केसीन हे प्रोटीन टॅनिनला पटकन पकडतं, म्हणून दही घातलेल्या स्मूदीत मूठभर बेरी सहज खपून जातात, सोबत केळं टाकलं की गोडव्याचंही काम होतं. यावर लगेच कोणीतरी म्हणतं की मग फायदेही केसीनने पकडले ना. थोडे पकडत असेलही, पण न आवडलेला ज्यूस कपाटात पडून राहिला तर त्यातून तर शून्यच मिळणार आहे, त्यामुळे या वादात मी स्मूदीच्या बाजूने आहे.

ज्यूस नुसता प्यायचा प्रकार कमीच, युरोपात तो बहुतेक सफरचंदाच्या ज्यूसमध्ये मिसळून येतो आणि हे मिश्रण खरंच छान लागतं. विकत घेताना एवढं बघा की यादीत पहिलं नाव कुणाचं आहे, कारण रंग इतका गडद असतो की थोड्याशा अरोनियानेही अख्खी बाटली काळीजांभळी दिसते. आणि ज्यूस फ्रिजमध्येच ठेवायचा, बाहेर महिनोन्महिने राहिला तर अँथोसायनिन तुटत जातात, गडदपणा टिकून दिसला तरी आत बराच माल गेलेला असतो. उष्णतेनेही तसंच, म्हणून जॅम हा चवीचा पदार्थ समजून खावा, औषध समजून नाही, शिवाय त्यात साखर किती जाते ते वेगळंच.

जॅम मात्र फक्कड होतो. सफरचंद किंवा नाशपाती मिसळून करतात, सफरचंदाचं पेक्टिन असल्याने घट्टही येतो. पोलंड आणि रशियात ज्यूस किंवा सिरप शिजवताना त्यात चेरीची पानं टाकतात, त्याने बेरीला चक्क चेरीचा वास येतो, आणि पोलंडमध्ये याच पद्धतीने एक घरगुती लिकर पण बनवतात. वाइनही होते, रंग तर काय विचारता, आणि गंमत म्हणजे ती पूर्ण कोरडी, म्हणजे अजिबात गोडवा नसलेली, होत नाही कारण यीस्टला सॉर्बिटॉल खाता येत नाही, तेवढा गोडवा मागे उरतोच.

बेकिंगमध्ये एक जागा सांभाळायची. अँथोसायनिन आंबटात लाल-जांभळे दिसतात आणि खारात, म्हणजे बेकिंग सोडा जास्त झाला की, निळे-हिरवट. त्यामुळे सोड्याच्या मफिनमध्ये बेरीच्या भोवती हिरवट करड्या रंगाचं वर्तुळ पडतं आणि लोकांना वाटतं बुरशी आली की काय. खायला काही धोका नाही, पण दिसायला नको असेल तर बॅटरमध्ये ताक किंवा लिंबाचा रस घालायचा, नाहीतर सोड्याऐवजी बेकिंग पावडर वापरायची. सुकवलेल्या बेरी ओट्समध्ये, ब्रेडमध्ये चालतात, गरम पाण्यात टाकून त्याचा चहाही होतो. या बेरीचे डाग पडतात, त्यामुळे हाताळताना हातमोजे घाला, किंवा निदान पांढरा शर्ट तरी घालू नका.

ज्यूस काढल्यावर उरलेला चोथा फेकू नका, कारण पॉलिफिनॉल सालीत आणि गरात अडकलेले असतात आणि पिळताना त्यातले बरेचसे मागेच राहतात, वजनाच्या हिशोबाने ज्यूसपेक्षा चोथ्यात जास्त सापडतात. फूड इंडस्ट्रीने हे कधीच ओळखलंय, आइस्क्रीम, दही, गोळ्या यांना जांभळा-लाल रंग द्यायला जो नैसर्गिक रंग वापरतात, लेबलवर ई १६३ लिहिलेला, तो इतर फळांसोबत अरोनियापासूनही काढतात. घरी करायचं तर चोथा कमी आचेवर ओव्हनमध्ये कडक सुकवायचा, मिक्सरमधून काढायचा आणि हवाबंद डब्यात ठेवायचा, मग एक चमचा ओट्समध्ये, एक चमचा बिस्किटाच्या पिठात, असा तो बरेच दिवस पुरतो.